मिठातलं सोडियम पेट का घेत नाही

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश गेले काही महिने फिरतोय. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी तो नव्याने सापडल्यासारखा टाकतं, खाली आठ-दहा जण हात जोडतात, आणि मग पार्किंगच्या भांडणात तो वर सरकून दिसेनासा होतो. मीही सोडून दिला होता. पण गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. वय ७८, बीपीची गोळी १५ वर्षं चालू.

"अरे, तू केमिकल कंपनीत होतास ना? मग मीठ हे विष आहे, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंस?"

काकूंनी घरातलं दोन किलो मीठ कचऱ्यात टाकलं होतं. आता घरात शेंदेलोण. आणि 'हे बीपीला चालतं' म्हणून ताकात, काकडीवर, वरणभातावर वरून, अगदी मोकळ्या हाताने. हे ऐकल्यावर गप्प बसवेना.

संदेश लांबलचक आहे. त्यातली उद्गारचिन्हं आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' वगळलं तर म्हणणं एवढंच: पांढरं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यात पडलं की पेट घेतं, क्लोरीन हा युद्धात वापरलेला विषारी वायू, आणि ही दोन विषं आपण रोज खातो. त्यात कंपन्या सायनाइड मिसळतात, वर आयोडीन नावाचं केमिकल. शेंदेलोण मात्र नैसर्गिक, त्यात ८४ खनिजं, त्याने बीपी वाढत नाही. आणि शेवटचा षटकार: पूर्वजांना पाचच तत्त्वं ठाऊक होती तरी ते शंभर वर्षं जगत, विज्ञानाने ती ११८ केली आणि रोग आले.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली. यातली बहुतेक 'विषं' हातातून गेलेली आहेत. तेव्हा एकेक घेऊ.

पहिल्या मुद्द्याचा अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे, हे आधी कबूल करतो. सोडियम मी पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्यात, कॉलेजात असताना. घासलेटच्या बाटलीत बुडवून ठेवलेला एक मळकट खडा. सरांनी तो चिमट्याने काढला, टिपकागदावर टिपला आणि सुरीने लोण्यासारखा कापला. कापलेली बाजू आरशासारखी चकाकली आणि आम्ही 'अरे वा' म्हणेपर्यंत राखाडी पडलीसुद्धा. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला, तर त्याची लकाकती गोळी झाली, ती पाण्यावर सैरावैरा पळायला लागली, फसफसली आणि पिवळ्या ज्योतीने पेटून संपली. आम्हाला मागच्या बाकांशी का उभं केलं होतं, ते तेव्हा कळलं.

क्लोरीनशी गाठ नोकरीत पडली. सुमारे ९०० किलो क्लोरीन मावेल अशी पिवळ्या रंगाची आडवी लोखंडी टाकी, तिला आम्ही टोनर म्हणायचो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला तो पिवळट हिरवा वायू हाच. टोनर जोडला की गळती तपासायची रीत ठरलेली होती. काठीच्या टोकाला कापसाचा बोळा, तो अमोनियाच्या पाण्यात भिजवायचा आणि व्हॉल्व्हच्या सांध्याभोवती हळूहळू फिरवायचा. अमोनियानेच डोळ्यांतून पाणी यायचं. सांधा घट्ट असेल तर काही होत नाही. क्लोरीन निसटत असेल तर बोळ्याजवळ पांढरा धूर उठतो, उदबत्तीसारखा, पण दाट.

तो पांढरा धूर म्हणजे काय, हे मी नव्या पोरांना मुद्दाम विचारायचो. उत्तर बहुतेकांना यायचं नाही, आणि सांगितलं की विश्वास बसायचा नाही. तो नवसागर. कल्हईवाला दारात भट्टी लावून पितळेचं पातेलं तापवायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पांढरी भुकटी मारायचा, त्यातून भपकन धूर निघायचा, तो नवसागर. नाक जाळणारा अमोनिया आणि फुप्फुसं जाळणारा क्लोरीन, हे दोघे भेटले की त्यांची पांढरी खारट भुकटी होते. बाहेरून एक कणही आलेला नसतो आणि आतला एक अणूही नाहीसा झालेला नसतो. मग ते दोन्ही दाह गेले कुठे?

संदेश लिहिणाऱ्याची चूक नेमकी इथे आहे. त्याला वाटतं, मूलद्रव्य आपला स्वभाव खिशात घेऊन फिरतं. जिथे जाईल तिथे तोच स्वभाव, जसा रागीट माणूस लग्नातही रागीट आणि बारशालाही रागीट. पण पदार्थाचे गुण अणूच्या बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांवरून आणि त्यांच्या देवाणघेवाणीवरून ठरतात. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन: आत २, मग ८ आणि अगदी बाहेर एकटा १. क्लोरीनकडे १७: २, ८ आणि बाहेर ७. सोडियमची सगळी आदळआपट त्या एका इलेक्ट्रॉनपायी आहे, तो कधी एकदा कुणाच्या गळ्यात घालतो असं त्याला झालेलं असतं. पाणी भेटलं तर पाण्याच्या गळ्यात. क्लोरीनला उलट एक कमी पडतो आणि तो मिळेल तिथून ओरबाडतो. तुमच्या फुप्फुसाच्या ओल्या अस्तरातूनसुद्धा.

या दोघांची गाठ पडली की व्यवहार होतो, तोही जोरात, उजेड आणि उष्णता फेकत. नंतर उरतं ते वेगळंच प्रकरण. सोडियमचं केंद्रक तेच, त्यातले प्रोटॉन ११ चे ११, पण इलेक्ट्रॉन आता १०. म्हणजे निऑनइतके, आणि निऑन हा इतका सुस्त वायू की तो कुणाशीच संयोग करत नाही. क्लोरीनचा झाला क्लोराइड, १८ इलेक्ट्रॉनचा, आर्गॉनसारखा तृप्त. दोघांवर विरुद्ध भार, म्हणून एकमेकांना धरून बसतात: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मिठाचा दाणा भिंगाखाली धरून बघा. बारीक मीठ काळ्या कागदावर भुरभुरवलं तर छोटे छोटे चौकोनी ठोकळे दिसतात. ती आतली मांडणीच बाहेर डोकावते आहे. सोडियम धातू ९८ अंशांना वितळतो, उकळत्या पाण्याच्याही आधी. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात.

तेव्हा मीठ पाण्यात टाकल्यावर पेट का घेत नाही? पेटण्यासाठी जे द्यायचं ते देऊन झालेलं असतं म्हणून.

यावर आमच्या ग्रुपवरच्या एका निवृत्त बँकवाल्यांनी चांगली शंका काढली होती, तिचा मान ठेवायला हवा. 'जे जोडलं जातं ते तुटतंही. पोटात ॲसिड असतं, तिथे मीठ परत फुटून सोडियम आणि क्लोरीन होत नसेल कशावरून?' मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, हे खरंच आहे. पण सुटे होतात ते आयन म्हणून, म्हणजे आपापला विजेचा भार तसाच घेऊन, व्यवहार मोडून नाही. इलेक्ट्रॉन परत सोडियमच्या माथी मारायचा असेल तर वीज लागते. १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा सोडियम धातू वेगळा केला तो वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून. आजही मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक करणारे कारखाने टनभर कॉस्टिकमागे २ हजारांहून जास्त युनिट वीज खातात. आपल्या पोटात तापमान अवघं ३७ अंश, आणि विजेचं मीटर तिथे नाही. शिवाय ज्या ॲसिडची भीती घातली जाते ते हायड्रोक्लोरिक, त्यातला क्लोराइड आपण खाल्लेल्या मिठातलाच.

सोडियम खरंच विष असतं तर सलाइनच्या बाटलीचं काय करायचं? लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, दुसरं काही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भ्रम व्हायला लागला, बरळायला लागलं, की डॉक्टर आधी रक्तातलं सोडियम तपासायला सांगतात. रिपोर्टवर शेजारी १३५ ते १४५ असा आकडा छापलेला असतो. तो खाली गेला की धावपळ होते.

हाच तर्क पुढे नेला तर काय काय होतं बघा. हायड्रोजन स्फोट होऊन जळतो, ऑक्सिजन आग भडकवतो, मग दोघांचं पाणी घेऊन धावणारे अग्निशमन दलाचे लोक काय आगी लावतात? साखरेतून पाणी वजा केलं की कोळसा उरतो, पण म्हणून कुणी चहात कोळसा घालत नाही. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन जोडले तर सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे. एकच जोडला तर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरशेजारी माणूस झोपल्यासारखा मरतो तो वायू. मूलद्रव्यं तीच दोन, फरक एका अणूचा. कधी तर तेवढाही फरक लागत नाही. कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू घ्या. एका रीतीने जोडलेत तर दारूतलं अल्कोहोल, ७८ अंशांना उकळणारं. ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधोमध बसवलात तर डायमिथाइल ईथर, जो उणे २४ अंशांनाच वायू होतो. सामान तेच आणि मोजून तेवढंच.

आणि हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. लग्नाच्या जेवणात पांढऱ्या शर्टावर रस्सा सांडला, घरी येऊन साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला, हे कुणाच्या घरी झालेलं नाही? हळदीच्या रंगाचा रेणू मोठा आहे, त्यात कार्बनचेच २१ अणू. साबणातला आम्लारी गुण त्यातून हायड्रोजनचं एक केंद्रक, म्हणजे एक प्रोटॉन, काढून घेतो आणि एवढ्याने पिवळ्याचा लाल होतो. वरून लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या आपल्या आज्यांना प्रोटॉन माहीत नव्हता, पण पिवळ्यात पांढरं मिसळलं की फिकट पिवळंच झालं पाहिजे, असा हट्ट त्यांनी धरला नाही. संदेश लिहिणारा तो धरून बसलाय.

आता सायनाइड. हा शब्द वाचला की माणूस पुढचं वाचत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आधी ते मिठात येतं का, ते बघू. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जाताना मिठागरं दिसतात. आगरी हे नावच ज्या आगरांवरून पडलं ती आगरं. खाडीचं पाणी वाफ्यांत खेळवायचं आणि उन्हावर सोडायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. पाणी आटत जातं तसं आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि शेवटी उरतं ते मॅग्नेशियमचं कडवट पाणी. ते वेळेत काढून टाकायचं. ते थोडं मिठात राहिलं की मीठ चवीला किंचित कडसर होतं आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतो. आपल्या आयांनी जुलैत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले ते त्याच्यावरचा उपाय म्हणून. शुद्ध केलेलं मीठसुद्धा मुंबईच्या दमट हवेत गोळे धरतं. ते धरू नये म्हणून त्यात अगदी थोडं पोटॅशियम फेरोसायनाइड घालायला परवानगी आहे. संदेशातलं 'सायनाइड' ते हे.

मारक सायनाइड मारतं कसं? ते पेशीत शिरून तिथल्या एका एन्झाइमातल्या लोखंडाला चिकटतं आणि ऑक्सिजन वापरणं बंद पाडतं. म्हणजे सायनाइडला लोखंडाची हाव आहे. फेरोसायनाइडमध्ये लोखंडाच्या एका अणूभोवती सहाही बाजूंनी सायनाइड आधीच घट्ट बसलेलं असतं. हाव भागलेली. ते तिथून सुटायला तापवलेलं तीव्र आम्ल लागतं किंवा तळणाच्या तेलाच्या दुपटीहून जास्त उष्णता. लॅबमध्ये ते करता येतं, पण करू नये. पोटात होत नाही. मात्रेचंही बघा. आपल्याकडे मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्लंत, जे खाऊ नयेच, तरी पोटात गेलं ०.१ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज आयुष्यभर चालेल अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा १.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा पट.

याच कुळातला प्रशियन ब्लू, जुन्या ब्लूप्रिंटचा निळा रंग, हा थॅलियमच्या विषबाधेवर आणि किरणोत्सारी सीझियम पोटात गेलं तर औषध म्हणून देतात. सायनाइडने भरलेलं औषध! आणि काकू, तुमच्या बी-१२ च्या गोळीच्या पाकिटावर सायनोकोबालामिन लिहिलेलं असेल तर त्यातलं 'सायनो' तेच. तिथे ते कोबाल्टने धरून ठेवलेलं असतं.

उलट बाजूही सांगतो, कारण ती संदेशवाल्याला सुचणार नाही. ज्या उपवासाला शेंदेलोण हवं म्हणून हट्ट असतो, त्याच उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडचा. कच्च्या कंदात लिनामारिन असतं. कंद चेचला की कंदातलाच एक एन्झाइम त्यातून हायड्रोजन सायनाइड मोकळं करतो, खरोखरचं विष. कंद सोलून, किसून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, भाजून ते घालवतात, म्हणून आपण 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणत ताट वाढतो आणि दुसऱ्या दिवशी उठतो. शंभर टक्के नैसर्गिक कंदातलं सायनाइड सैल बांधलेलं आणि कारखान्यातलं जखडलेलं. धोका कुणी बांधलं यावर नसून कसं बांधलंय यावर आहे. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या मुद्द्याला वेगळं उत्तर देत नाही, धोतऱ्याचं बी निसर्गानेच केलंय.

आयोडीनचं थोडक्यात. सुटं आयोडीन म्हणजे जांभळी वाफ देणारे काळपट स्फटिक, जखमेवर लावायच्या टिंक्चरमध्ये असतं ते. ते कुणी मिठात घालत नाही. मिठात असतं पोटॅशियम आयोडेट. दुकानातल्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असलं पाहिजे असा नियम आहे, म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच. ही 'कंपन्यांची खेळी' कुठून सुरू झाली तेही सांगतो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात घरोघर गलगंड. तिथे १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं. आयोडीनच्या भागांत गलगंड घटला, साध्यात तसाच राहिला, मग तिथेही आयोडीन दिल्यावर घटला. १९६२ मध्ये देशाचा कार्यक्रम त्यावरून उभा राहिला. आपण समुद्राकाठचे, आपल्याला कशाला, असं इथे बरेच म्हणतात. पण समुद्राच्या पाण्यातच आयोडीन नावापुरतं असतं आणि आगरात मीठ धरताना त्यातलं फारसं मिठात येत नाही.

आता त्या ८४ खनिजांचा, म्हणजे मूलद्रव्यांचा, हिशेब. हा माझा आवडता मुद्दा.

निसर्गात, अगदी अंशमात्र धरून, ९४ मूलद्रव्यं सापडतात. बाकीची माणसाने प्रयोगशाळेत केली, त्यातली कित्येक क्षणभर टिकतात. ९४ मधून हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन हे सहा निष्क्रिय वायू काढा, ते मिठात बांधले जात नाहीत. उरली ८८. त्यातून ८४ भरायची तर फक्त चार वगळण्याची मुभा. मी शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम वगळतो, तुम्हीही तेच कराल. कोटा संपला. म्हणजे युरेनियम घ्यावं लागलं, रेडियम घ्यावं लागलं, थॅलियम, पोलोनियम आणि प्लुटोनियमही. ८४ चा दावा खरा असेल तर ते शेंदेलोण तुर्भ्याच्या बाजारात न ठेवता तुर्भ्यापलीकडे अणुशक्तीनगरात ठेवावं लागेल.

सुदैवाने तो खरा नाही. शेंदेलोण सुमारे ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या भावकीतला. बाकी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिमटीतल्या चिमटीएवढं. त्यातून पोषण मिळवायचं म्हटलं तर मीठ वाटीने खावं लागेल. बरं, ते आलं कुठून? सर्वांत प्रसिद्ध खाण खेवड्याची, ती आज पाकिस्तानी पंजाबात आहे, आपल्याकडे हिमाचलातल्या मंडी जिल्ह्यात थोडं निघतं. ५० कोटी वर्षांहून आधी आटलेल्या समुद्राचं ते मीठ. मुलुंडच्या आगरातलं परवा आटलेल्या खाडीचं. समुद्रातलं मीठ 'केमिकल' आणि समुद्रातलंच जुनं मीठ 'औषध', हे मला कुणी समजावून द्यावं.

मिठात खरा वेगळेपणा हवा असेल तर पादेलोण घ्या. त्यात गंधकाची संयुगं असतात, म्हणून तो उकडलेल्या अंड्याचा वास, आणि म्हणूनच की काय, आपल्या पूर्वजांनी त्याचं नाव इतक्या मोकळेपणाने ठेवलं.

पाच तत्त्वं आणि ११८ मूलद्रव्यं यावर भांडायचं कारण मला दिसत नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही मांडणी अनुभवाची आहे: घट्ट, ओलं, तापलेलं, वाहतं, मोकळं. मूलद्रव्यांची यादी 'हे आणखी फोडता येतं का' या प्रश्नाची. ती एका दमात झाली नाही आणि चुकतही गेली. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये ३३ जणांची यादी दिली तिच्यात प्रकाश आणि उष्णताही मूलद्रव्य म्हणून होते. १८६९ मध्ये मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, त्यातल्या रिकाम्या घरांना त्याने 'एका-ॲल्युमिनियम', 'एका-सिलिकॉन' अशी नावं दिली, त्यातलं 'एक' संस्कृत. १८७५ मध्ये गॅलियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडून ती घरं भरली. आणि शंभर वर्षं जगण्याबद्दल म्हणाल, तर स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं.

राहिलं बीपी. संदेशातलं हे एकच वाक्य खरोखर कुणालातरी दवाखान्यात पोहोचवू शकतं. मीठ जास्त खाणं वाईटच, त्यात संदेशवाल्याशी माझं भांडण नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून सपाट चहाचा चमचा. पण बीपी वाढवतो तो सोडियमचा आयन, रक्तात पाणी धरून ठेवून. तो खेवड्याचा की खाडीचा हे मूत्रपिंडाला कळत नाही. मूलद्रव्यच बदलायचं असेल तर त्या तक्त्यात सोडियमच्या खाली, त्याच उभ्या रांगेत बसणारं पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. इलेक्ट्रॉन देण्याची खोड तीच, पण शरीरातलं काम वेगळं, म्हणून किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे सगळं मी काकूंना जिन्यात सांगितलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, पोथी वाचायचं त्यांचं भिंग मागून घेतलं आणि शेजारच्या घरून चमचाभर पांढरं मीठ आणलं. काळ्या पाटीवर दोन्ही भुरभुरवली. एकीकडे नीट ठोकळे, दुसरीकडे दळलेले ओबडधोबड तुकडे, पण त्यांचेही कोपरे जिथे शाबूत होते तिथे काटकोन. मग काकूंनी स्वतःच शेंदेलोणाचं पाकीट उलटं केलं आणि भिंगातून मोठ्याने वाचलं: सोडियम, १०० ग्रॅममध्ये, ३८ हजार आणि वर काही मिलिग्रॅम. पांढऱ्याचं ३९ हजार.

"म्हणजे चौपट पैसे देऊन तेच खातेय मी?"

"तेच, काकू. आणि तुम्ही आधीपेक्षा जास्त घालताय."

त्या थोडा वेळ पाकिटाकडे बघत बसल्या. मग फोन उचलला आणि संदेश पाठवणाऱ्या डोंबिवलीच्या भाच्याला लावला. "अरे, तुझ्या त्या चौऱ्याऐंशीत प्लुटोनियम आहे म्हणे. कुठल्या दुकानातून आणतोस रे?"